वरची नळी, खालची नळी

राजाक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि कीर्ती बोंगाळेला तो घ्यावाच लागला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय लोणार गल्लीत कुणी बोलायला सुरुवात करत नाही, आणि दिलेलं पाणी न पिता खाली ठेवणं म्हणजे त्या घराचा सरळसरळ अपमान. कीर्तीने तांब्या तोंडाजवळ नेला. आधी ब्लीचिंग पावडरचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसरा. तुंबलेल्या मोरीचं झाकण उचललं की येतो तसला, घशात बसणारा. पाणी दिसायला मात्र अगदी नितळ होतं.

"घ्या की," राजाक्का म्हणाल्या. "आमी हेच पितोय."

कीर्ती ही सोनशेत नगरपरिषदेची पाणीपुरवठा अभियंता. गावातला प्रत्येक नळ, प्रत्येक वळण तिने कधी ना कधी कागदावर आखलेलं होतं. हे पाणी तिनेच पाठवलेलं होतं, आणि ते पिण्याची तिची हिंमत होईना. तिने तांब्या खाली ठेवला.

"का वो बाई? आमास्नी चालतंय, आनि तुमास्नी न्हाई?"

कीर्तीने विचारलं, "पूनम कशी आहे?"

पूनम ही राजाक्कांची सून. सात महिन्यांची गरोदर, आणि सरकारी दवाखान्यात काविळीने पडलेली. गल्लीत घरटी एक आजारी होताच, पण या प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या थेट जिवावर उठते, हे कीर्तीला डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

"डोळं हळदीगत पिवळं झाल्यात," राजाक्का म्हणाल्या. "डाक्टर म्हंत्यात, पान्यातनंच झालंय. मग तुमी हे पानी बंद का करत न्हाई? आमी लांबनं आनू. पर नळाला आलं की पोरं तोंड लावत्यात. उकळून उकळून किती उकळायचं? दात घासायला, भांडी धुवायला कुनी उकळतंय व्हय?"

"आजच बंद करते," कीर्ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

या कामातल्या माणसाला पहिली शंका आली असती ती एकाच जागेची. गल्लीच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याची नळी आणि मैल्याची नळी एकमेकींना आडव्या जातात. तिथला नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. पाण्याची नळी वर, मैल्याची खाली, आणि मध्ये भरपूर माती. मैल्याची नळी गळलीच तर घाण खाली मुरते. पण हे उलटं झालं तर? आपल्याकडे नळाला दिवसातून थोडा वेळ पाणी येतं, बाकी वेळ नळी रिकामी. रिकामी होताना ती आजूबाजूचं जे ओलं असेल ते फटीतून आत ओढून घेते. वर मैला गळत असेल तर मैला ओढते, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर घरोघर पोचवते. यापुढचं सांगायला नको.

कीर्तीने कचेरीत येऊन त्या जागेची आकृती उघडली. पाणी वर, मैला खाली. सगळं यथासांग.

आता ही आकृती काय चीज होती ते सांगायला हवं. पूर्वी अहवालात नकाशा, आकृती नुसती चिकटवून देत. जमिनीखाली काम बदलायचं, नकाशा बदलायचा, आणि अहवालातली आकृती होती तशीच शिळी राहायची. अशाच एका शिळ्या आकृतीवर विसंबून कुठल्याशा शहरात खोदणारं यंत्र गॅसच्या नळीवर गेलं, माणसं होरपळली, आणि मग कायदा आला. यापुढे कुठल्याही सरकारी कागदात मेलेली आकृती चालणार नाही, जिवंतच हवी. म्हणजे असं, की कागदात आकृती नसतेच. असतो फक्त तिचा पत्ता. कागद उघडला की तो त्या पत्त्यावर जातो आणि मूळ आकृतीचं आजचं रूप घेऊन येतो. मूळ आकृतीत एक रेघ सरकली की प्रस्ताव, मंजुरी, अहवाल, शाळेतलं पुस्तक, सगळीकडे ती सरकते.

इथवर शहाणपण होतं. पुढे अतिशहाण्यांच्या लक्षात आलं की आकृती बदलते, पण तिच्या शेजारचं वाक्य जुनंच राहतं. मग वाक्यंही आकृतीला बांधली. आकृती बदलली की यंत्र वाक्य सुधारतं, आणि याला बदल म्हणायचं नाही, 'सुसंगती' म्हणायचं. मग सहीचं काय? सही पत्त्यावर असते, चित्रावर नसते. चित्र इकडचं तिकडे झालं तरी खालची सही तीच, तारीखही तीच. जुनी रूपं जपून ठेवावीत असं कुणाला वाटलं नाही, कारण जुनं ते चूक असं एकदा ठरून गेलेलं होतं. या सगळ्याचं प्रशिक्षण झालं तेव्हा कीर्तीने पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. जुळत नसलेल्या नकाशांनी तिचं डोकं कितीदा उठवलं होतं, त्यामुळे तिला दोष तरी कसा द्यावा?

आणि आता तर व्हॉल्व्हसुद्धा माणसाचं ऐकेनासे झाले होते. पूर्वी चावी घेऊन जायचं आणि पाणी बंद करायचं. आता व्हॉल्व्ह आकृती वाचतो. आकृतीत दोष दिसला तर बंद होतो आणि टँकरही आपोआप निघतो. दोष दिसला नाही तर मुख्याधिकाऱ्यांनी डोकं आपटलं तरी तो हलत नाही.

मुख्याधिकारी शेडबाळे डोकं आपटणाऱ्यांतले नव्हतेच. टेबलावर बाटलीबंद पाणी ठेवून ते गावाचं पाणी सांभाळत.

"मॅडम, आकृतीत सगळं ठीक आहे. मग कावीळ पाण्याची कशी?"

"साहेब, मी पाण्याचा वास घेतलाय."

"वास," शेडबाळे म्हणाले आणि समजूतदारपणे हसले. "त्या गल्लीत कशाला वास नाही? हात धुवायचं पत्रक काढू आपण. चांगलं रंगीत काढू."

कीर्तीला तो रंगीत शब्द किळसवाणा वाटला. ती उठली.

रविवारी उजाडताच तिने गल्लीतल्या माणसांना घेऊन ती जागा खोदायला घेतली. पूनमच्या नवऱ्याने, सागरने, पहिली कुदळ मारली. सुरुवातीला मुरूम निघाला, मग माती ओली लागायला लागली, मग काळी, आणि मग ती माती राहिलीच नाही. फावड्याला चिकटून वर येणारा तो लगदा पाहून दोघे जण तोंड दाबून बाजूला पळाले. सागर मात्र खड्ड्यातून हलला नाही. त्याने हातानेच चिखल बाजूला केला. वर मैल्याची जाड नळी होती, जोड उसवलेला, आणि त्यातून काळसर पाणी ठिबकत होतं. ठिबकत होतं ते थेट खालच्या नळीवर. खालची नळी पाण्याची. तिचा जोडही गंजून फुटलेला होता.

"हेच पितोय आमी?" सागरने विचारलं. त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते. "माझी बायको हे पितीया?"

कीर्तीने नाकाला पदर लावला नव्हता. तो मान या माणसांना द्यावा असं तिला मनापासून वाटलं होतं. तिने फोटो काढले, तिथेच बसून अहवाल लिहिला, फोटो जोडले आणि सही केली.

सोमवारी शेडबाळ्यांसमोर तिने तो अहवाल उघडला. फोटोत खड्डा होता, सागरची कुदळ होती, उजेडही तसाच होता. नळ्या मात्र बदललेल्या होत्या. वर पाण्याची, खाली मैल्याची, मध्ये कोरडी तांबूस माती. यंत्राने फोटोतली जागा ओळखली होती, ती मूळ आकृतीशी ताडून पाहिली होती आणि फोटो सुसंगत केला होता. खाली वाक्य होतं, 'उत्खननात जलवाहिनी वर व मलवाहिनी खाली असल्याचे आढळले. गळती आढळली नाही.' त्याखाली तिची सही होती.

"हे मी लिहिलेलं नाही!"

"सही तुमची नाही?"

"सही माझी आहे. साहेब, मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहेत, हे बघा."

शेडबाळ्यांनी फोनकडे न बघता हात वर केला. "मेलेली चित्रं मला दाखवू नका. कायद्याने त्यांना किंमत नाही."

"मग चला माझ्याबरोबर. खड्डा उघडाच आहे."

खड्डा उघडा नव्हता. सकाळीच खड्डे बुजवणारं यंत्र तिथून गेलं होतं. आकृतीत त्या जागी काम चालू नव्हतं, म्हणजे खड्डा बेवारस होता, म्हणून त्याने तो बुजवून वर डांबरही ओतलं होतं. तरी कीर्ती म्हणाली, "पुन्हा खोदू. तुम्ही डोळ्यांनी बघा."

"आणि बघून करू काय?" शेडबाळे म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलेलं जोडायचं कुठे?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि हेच सगळ्यात घाणेरडं होतं.

एकच वाट उरली होती. मूळ आकृतीच दुरुस्त करायची. पण ती ज्याच्या सहीने शेवटची बंद झाली त्यालाच ती उघडता येते, आणि ती सही होती विश्वजित बोंगाळेची. विश्वजित त्याच नगरपरिषदेत बांधकाम खात्यात होता, आणि कीर्तीचा नवरा होता. आकृती कीर्तीने आखली, नळ्या घालून घेतल्या विश्वजितने. लग्नात मित्रांनी यावरून पुष्कळ विनोद केले होते.

जेवून झालं होतं. तो दात कोरत बसला होता. तिने सगळं सांगितलं, तोवर त्याने काडी बाजूला ठेवली नाही.

"मला माहितीय," तो म्हणाला.

"काय माहितीय?"

"खाली खडक लागला होता. फोडायचा म्हणजे घरं हादरली असती, लोकांनी बोंब मारली असती. ठेकेदार म्हणाला, मैल्याची वरनं नेतो. गेला वरनं."

"आणि तू? प्रत्यक्षाची आकृती तू काढलीस ना?"

"काढतंय कोण?" त्याला हसू आलं. "तुझी होती की तयार. वरचं 'प्रस्तावित' खोडलं, 'प्रत्यक्ष बांधकाम' लिहिलं, सही ठोकली. आता तू मला शिकवू नकोस. तुझ्या खात्यात कोण खड्ड्यात उतरून मोजतंय?"

कुणीच मोजत नव्हतं. काम पूर्ण झालं की आधीच्याच नकाशाचं शीर्षक बदलायचं आणि तोच नकाशा 'जसं बांधलं तसं' म्हणून लावून द्यायचा, ही रीत कॉम्प्युटर येण्याच्या आधीपासूनची होती. नवी आकृती काढणाऱ्याला कचेरीत हसत. कीर्तीही कधीतरी हसली असेल. पण आज तिला त्या काडीकडे बघवेना. त्याच हातांनी हा माणूस घरात भात वाढतो, असं तिच्या मनात आलं आणि तिने समोरचं उष्टं ताट सरकवलं.

"उद्या ती दुरुस्त कर."

"आणि नोकरी?"

"तिथे एक बाई मरायला टेकलीय, विश्वजित. पोटात पोर आहे तिच्या."

"मग दवाखाना कशाला आहे?" तो म्हणाला आणि पुन्हा दात कोरायला लागला.

सकाळी मात्र तो चहाचे दोन कप घेऊन आला. चेहरा उजळलेला होता.

"करतो दुरुस्त," तो म्हणाला. "मी उगाच घाबरत होतो. अगं, माझ्या कागदात आकृती थोडीच आहे, पत्ता आहे! मूळ बदललं की माझ्या प्रत्यक्षाच्या कागदातही मैला वर दिसणार, आणि खाली माझी सही, जुन्या तारखेची. म्हणजे मी तेव्हाच खरं ते नोंदवलं. मला कोण काय विचारणार?"

कीर्तीला क्षणभर हायसं वाटलं. मग तिने कप खाली ठेवला.

"आणि प्रस्तावाच्या कागदात?"

तो चहात बघायला लागला. "मूळ एकच आहे ना. मी वेगळी काढलीच नव्हती."

त्याने वेगळी आकृती काढली असती तर दोन पत्ते झाले असते. आळसाने एकच ठेवली, म्हणून एकाच पत्त्यावर दोन कागद लोंबकळत होते, एक त्याचा आणि एक तिचा. मूळ दुरुस्त झालं की तिच्या प्रस्तावातही मैला वर चढणार होता. शेजारी सुसंगत वाक्य येणार होतं, 'मलवाहिनी जलवाहिनीच्या वरून न्यावी,' आणि त्याखाली तिची सही. लोणार गल्लीला मैला पाजायची योजना आखणारी बाई म्हणून तिचं नाव कायमचं लागणार होतं. खुलासा लिहावा, तर त्यात या आकृतीचा उल्लेख येणार आणि खुलासाही सुसंगत होणार.

"तू लिहून दे," ती म्हणाली. "फक्त शीर्षक बदललं होतं म्हणून. आकृतीचं नावही काढू नकोस. चौकशीत तोंडाने सांग."

"ते नाही सांगणार मी," विश्वजित लगेच म्हणाला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "पण माझी काही जबरदस्ती नाही हं. तू म्हणशील तसं करू. तू नको म्हणालीस तर राहू दे जसं आहे तसं."

तू म्हणशील तसं! घरातला पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा हेसुद्धा त्याने इतक्या वर्षांत तिच्यावर सोडलं नव्हतं. आज एका गल्लीचं जगणं-मरणं तिच्या ओंजळीत घालून तो मोकळा झाला होता. ती गप्प राहिली तर पाप तिचं, बोलली तरी पाप तिचं. नवऱ्याचा राग तिला पूर्वी आला होता, कंटाळाही आला होता. ही किळस मात्र नवीन होती, आणि ती जाणार नाही हे तिला त्याच वेळी कळलं.

आपण नको म्हणू शकतो, हेही तिला कळलं. थोडा वेळ तिने तसा विचारही केला. पूनमला वरच्या दवाखान्यात हलवता येईल, गल्लीला कुणाच्या तरी हातापाया पडून टँकर मिळवता येईल. मग तिला सागरचे कोपरापर्यंत माखलेले हात आठवले.

"चल कचेरीत," ती म्हणाली.

कचेरीत विश्वजितने आकृती उघडली, दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली, कारण लिहिलं 'प्रत्यक्ष पाहणीनुसार', आणि बोट बटणावर धरून तिच्याकडे बघितलं.

"परत एकदा विचार कर हं. नंतर मला बोलायचं नाही."

"दाब."

त्याने दाबलं. लोणार गल्लीचा व्हॉल्व्ह पुढच्याच मिनिटाला बंद झाला आणि टँकर निघाल्याची सूचना पडद्यावर आली. आकृतीत दोष दिसल्याबरोबर यंत्राने कसलीही कुरकुर केली नाही. जे काम खड्डा खोदून, हात जोडून, गळा काढून झालं नव्हतं, ते एका रेघेने झालं. कीर्तीला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त दमल्यासारखं वाटलं.

शेडबाळ्यांनी दुपारी बोलावलं. आज ते हसत नव्हते, आणि त्यांचा संताप अगदी खरा होता.

"मॅडम, हा प्रस्ताव तुमचा? मैला वरून नेण्याचा? आणि वर तुम्हीच मला खड्डा दाखवायला निघाला होता? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!"

"साहेब, कालपर्यंत तुम्हीच ही आकृती बघत होता. पाणी वर होतं. आठवतंय ना?"

शेडबाळ्यांना आठवत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, आणि बघता बघता ते आठवणं त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं.

"मला असं काही आठवत नाही," ते म्हणाले, आणि निलंबनाचा आदेश त्यांनी तिच्याकडे सरकवला. चौकशी संपेपर्यंत दुरुस्तीचं काम विश्वजित बोंगाळे बघतील, असंही त्यात होतं. वस्तुस्थिती प्रामाणिकपणे नोंदवणारा तोच एक अधिकारी निघाला होता.

कीर्ती दवाखान्यात गेली, तर पूनमची खाट रिकामी होती. तिथल्या नर्सला काही नीट सांगता येईना. म्हणून ती लोणार गल्लीत गेली.

गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि घागरी-कळश्यांची रांग लागली होती. रस्ता पुन्हा उकरलेला होता. खड्ड्याच्या काठावर विश्वजित हेल्मेट घालून उभा होता आणि माणसांना सूचना देत होता. ती दिसताच रांगेतलं बोलणं थांबलं. प्रस्ताव सगळ्यांच्या फोनवर पोचलेला होता.

राजाक्का घागर तशीच टाकून पुढे आल्या.

"राजाक्का, पूनम..."

"वाचली," राजाक्का म्हणाल्या. "वरच्या दवाखान्यात हलीवलीया. प्वार गेलं. पोरगी हुती."

कीर्तीने हात पुढे केला, तो राजाक्कांनी झटकला.

"माज्या दारात आलासा. माजं पानी न पिता खाली ठिवलंसा. तवाच मला कळाय पायजे हुतं. त्या पान्यात काय हाय ते तुमास्नी म्हाईत हुतं! आकृती तुमीच काढलीसा व्हय? सई तुमचीच हाय न्हवं?"

सागर खड्ड्यापाशी उभा होता. रविवारी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढणाऱ्या बाईकडे त्याने एकदा बघितलं, मग फोनकडे बघितलं, आणि मान वळवली.

"सही माझीच आहे," कीर्ती म्हणाली. "पण राजाक्का..."

"फुडं बोलू नगासा." राजाक्कांनी तिच्याकडे पाठ केली आणि त्या विश्वजितपाशी गेल्या. "ह्यो बाबा नसता तर आमी कवाच मेलो असतो. घरची बायकू असून बी ह्यानं खरं ते लिवलं. औक्षवंत हो रं बाबा."

त्यांनी आपले हात विश्वजितच्या चेहऱ्यावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

कीर्ती त्याच्याकडे बघत होती. अजूनही तो बोलू शकत होता. एक वाक्य पुरलं असतं. विश्वजितने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि वाकून राजाक्कांच्या पायांना हात लावला.

कीर्ती रस्त्याच्या कडेला गेली आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, भडभडून ओकली.